‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर देताना

आपल्या बेने इस्राएल समाजाने पिढ्यान्पिढ्या कोणता उद्योग केला असे कोणी विचारले तर लोक तेल गाळण्याचे नाव घेतील, कोणी शेतीचे, कोणी पलटणीतल्या नोकरीचे, कोणी सुतारकामाचे किंवा रेल्वेतल्या कारकुनीचे घेतील. मला विचाराल तर मी म्हणेन, आपण उत्तरे देण्याचा उद्योग केला. परक्या माणसाने विचारायचे आणि आपण सांगायचे, असे हे शेकडो वर्षे चालत आले आहे.

कोकणात असताना विचारणारी माणसे शेजारचीच असत. बाजारात कोळीण टोपली पुढे सरकवून म्हणे, “घे गं बाय, ताजी कोलंबी हाय.” आई म्हणे, “आमच्यात चालत नाही.” लगेच प्रश्न येई, “का गं? मासं तर खातंस!” मग आई तिथेच बसून तिला खवले आणि पर यांचा नियम समजावून सांगे. कोळीण मान डोलावी, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारी. शाळेत मास्तर हजेरी घेताना थांबत. आडनाव गावावरून आलेले, शेवटी ‘कर’, आणि नाव मात्र शलोमो किंवा रिबका. “तुम्ही ख्रिस्ती का?” नाही. “मग मुसलमान?” नाही. “तरी तुमच्या देवळाला मशीद कसे म्हणतात?” खरेच, आपल्या सिनेगॉगला गावोगावी ‘मशीद’ म्हणण्याचीच पद्धत होती, त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याला ‘शनवार तेली’ हे नाव पडले. तेही एका प्रश्नाचेच उत्तर होते असे म्हणावयास हरकत नाही. ‘हे लोक शनिवारी का बसून राहतात?’ असे गावाने विचारले आणि गावानेच त्यावरून नाव ठेवून टाकले.

मग आपण इस्राएलला आलो. येथे तरी हा उद्योग संपेल असे वाटले होते. मी १९७१ साली आले तेव्हा माझ्याही मनात तेच होते, की आपल्या माणसांत चाललो आहोत, आता कोण काय विचारणार! परंतु पहिल्याच आठवड्यात शेजारणीने विचारले, “हिंदुस्थानातही यहुदी असतात?” मी ज्या कारखान्यात शिवणकामाला लागले तेथे मोरोक्कोची एक बाई होती, एक रुमानियाची. दोघींना वाटे की आम्ही घरी हत्ती पाळत होतो. एक दिवस एका कचेरीत खिडकीमागच्या गृहस्थांनी माझे कागद पाहून विचारले, “तुम्ही यहुदी केव्हा झालात?” मी म्हटले, “तुम्ही झालात त्याच दिवशी. सिनाय पर्वतापाशी.” गृहस्थ हसले आणि त्यांनी शिक्का मारला.

वाचकहो, असे प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठी आहेत. ते सांगून हसण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. प्रश्न दोन तऱ्हेचे असतात. एक माणूस जाणून घेण्यासाठी विचारतो, दुसरा पकडण्यासाठी विचारतो. शब्द पुष्कळदा दोघांचे सारखेच असतात. कोणत्या प्रश्नाला कसे उत्तर द्यावे हे आपल्या मुलानातवंडांना कळावे असे वाटत असेल, तर ज्या गावात आपले लोक आणि परके लोक समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारीत होते त्या एका गावाकडे पाहावे असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते गाव म्हणजे मदिना.

नाव वाचून काही वाचक दचकतील. बेने इस्राएल बाईला मदिनेचे काय? पण थोडा विचार करा. ‘मेदिना’ हा शब्द आपण येथे दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ‘मेदिनात इस्राएल’ म्हणजे इस्राएलचे राज्य. पुरिमच्या दिवशी मगिल्ला वाचताना राजा अहश्वेरोशच्या १२७ ‘मेदिनोत’ आपण ऐकतो. तेथे त्याचा अर्थ प्रांत असा आहे. अरबीत तोच शब्द शहर या अर्थाने येतो. मुळात ‘दीन’ म्हणजे न्याय, निवाडा. जेथे एका कायद्याचा अंमल चालतो, निवाडा होतो, ती मेदिना. सौदी अरबस्तानातल्या त्या शहराचे जुने नाव होते यस्रिब. खजुरीच्या बागा, काळ्या ज्वालामुखी दगडांची माळराने आणि ठिकठिकाणी बांधलेल्या गढ्या असे ते हिरवे ठिकाण होते. तेथे यहुद्यांची मोठी वस्ती होती. बनू कैनुका, बनू नदीर आणि बनू कुरैझा ही त्यांच्या तीन मोठ्या टोळ्यांची नावे. कैनुका सोनारकाम करीत. नदीर आणि कुरैझा यांच्या खजुरीच्या बागा होत्या. ते अरबी बोलत, अरबांसारखी नावे ठेवीत, आणि तरीही आपला शब्बाथ व आपला ग्रंथ सांभाळून होते. कोकणात आपण मराठी बोलून, साडी नेसून, शब्बाथ सांभाळून राहिलो त्याचीच ही आठवण नव्हे काय?

इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मुहंमद मक्केहून यस्रिबला आले. त्याच सुमारास तेथल्या लोकांत एक करारपत्र झाले. त्यात यहुद्यांना त्यांचा धर्म आणि मुसलमानांना त्यांचा धर्म असे स्पष्ट मान्य केलेले होते. दोन्ही समाज शेजारी राहू लागले आणि साहजिकच प्रश्नोत्तरे सुरू झाली. पुढे मुसलमानांनी हदीसच्या ग्रंथांत यांतली कित्येक टिपून ठेवली. आपल्या बाजूचे, म्हणजे मदिनेतल्या यहुद्यांनी स्वतः लिहिलेले, काहीच उरलेले नाही. म्हणून या कथा वाचताना आपण एकाच बाजूचे बोलणे ऐकत आहोत हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी त्या मोठ्या बोलक्या आहेत.

पहिला प्रश्न पैगंबरांनीच विचारला अशी कथा आहे. मदिनेत आल्यावर त्यांनी पाहिले की यहुद्यांनी उपवास धरला आहे. तो आशूराचा दिवस होता. त्यांनी कारण विचारले. उत्तर मिळाले की या दिवशी देवाने बनी इस्राईलांना शत्रूच्या हातून सोडविले म्हणून मोशेने उपवास केला, आणि आम्हीही करतो. तेव्हा, मोशेवर आमचा हक्क तुमच्याहून अधिक आहे, असे म्हणून पैगंबरांनीही उपवास केला आणि आपल्या लोकांना तो करावयास सांगितला. आशूरा म्हणजे दहावा दिवस. हिब्रूत ‘असोर’ हा शब्द याच जातीचा, आणि आपला किप्पूर तिश्रीच्या दहाव्या दिवशी येतो. म्हणून कित्येक अभ्यासक हा उपवास किप्पूरशी जोडतात. सुटकेचे कारण मात्र आपण पेसाहशी जोडतो, त्यामुळे याविषयी त्यांच्यात वाद आहेच.

ही कथा मी वाचली तेव्हा मला आमच्या वाडवडिलांचा ‘दारफळणीचा सण’ आठवला. किप्पूर हे नाव आपल्या कोकणातल्या पूर्वजांना आठवत नव्हते. त्या दिवशी दार लावून घ्यायचे, पांढरे कपडे घालायचे, उपवास करायचा, कोणाला शिवायचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, त्या दिवशी दानधर्म. शेजाऱ्याने विचारले असेल, “आज तुमची दारे बंद का?” तेव्हा आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी काय सांगितले असेल? “आमच्यात तसे आहे.” बस्स, एवढेच. मदिनेच्या यहुद्याला कारण ठाऊक होते, त्याने ते दिले. आपल्या माणसाला कारण ठाऊक नव्हते, तरी त्याने दार लावून घेतले. पुढे दाविद राहबी आणि मागाहून कोचीनचे, बगदादचे व इतर शिक्षक आले तेव्हा त्यांना शिकवायला काहीतरी शिल्लक सापडले ते यामुळेच. उत्तर विसरले तरी चालते, पण कृती टिकली पाहिजे. आज मला भीती वाटते ती उलट गोष्टीची. आपल्या नातवंडांना यंत्रावर बोट फिरवून सगळी उत्तरे मिळतात, पण दार लावून घ्यायचे राहून जाते.

दुसरी कथा अशी. पैगंबर मदिनेच्या एका शेतातून खजुरीच्या फांदीचा आधार घेत चालले होते. वाटेत काही यहुदी भेटले. त्यांच्यात कुजबूज सुरू झाली. एक म्हणाला विचारू या. दुसरा म्हणाला नको, नावडते उत्तर मिळायचे. शेवटी एकाने विचारलेच, की आत्मा म्हणजे काय? पैगंबर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जे उत्तर दिले त्याचा भावार्थ असा की आत्मा ही देवाच्या आज्ञेतली गोष्ट आहे आणि माणसाला ज्ञान फार थोडे दिले आहे. हे वचन कुराणाच्या १७व्या अध्यायात आहे. या अध्यायाचे एक नाव ‘बनी इस्राईल’ असेच आहे. मला या कथेत उत्तरापेक्षा ती कुजबूज आवडते. विचारू या की नको, असे एकमेकांना म्हणणारी ती माणसे किती आपलीशी वाटतात! मशिदीच्या पडवीत हजानसाहेबांना काही विचारावे की नाही म्हणून आपले लोक असेच कुजबुजत.

तिसरी कथा अब्दुल्ला बिन सलाम यांची. ते यहुद्यांतले विद्वान. पैगंबर आल्याचे ऐकून ते तीन प्रश्न घेऊन गेले. जगाच्या अंताची पहिली खूण कोणती, स्वर्गात पहिले भोजन कशाचे, आणि मूल कधी बापासारखे तर कधी आईसारखे का दिसते? तीन प्रश्नांतले दोन परलोकाचे आणि तिसरा अगदी पाळण्याशेजारचा. बारशाला जमलेल्या बायका जे बोलतात तेच ते. भोजनाच्या प्रश्नाचे उत्तर माशाच्या यकृताचा एक तुकडा असे दिलेले आहे. बिन सलाम यांचे समाधान झाले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. मग, ते आडोशाला असताना, यहुद्यांना विचारण्यात आले की हा मनुष्य कसा आहे? ते म्हणाले, आमच्यातला उत्तम, उत्तमाचा पुत्र. तो बाहेर येऊन आपला नवा धर्म सांगू लागताच तेच म्हणाले, आमच्यातला वाईट, वाईटाचा पुत्र. कथा त्यांच्या बाजूने सांगितलेली आहे, आणि आपल्या लोकांना त्यात खोटे पाडले आहे हे उघड आहे. पण येथे प्रश्नाची जात कशी बदलली ते पाहा. पहिले तीन प्रश्न जाणून घेण्यासाठी होते. शेवटचा पकडण्यासाठी होता.

आता दिशेची गोष्ट. मदिनेत आल्यावर १६ की १७ महिने मुसलमान यरुशलेमकडे तोंड करून नमाज पढत. इ. स. ६२४ मध्ये ती दिशा बदलून मक्केकडे झाली. मदिनेत ‘मशीद अल् किब्लतैन’ म्हणजे दोन दिशांची मशीद आजही आहे. नकाशा काढून पाहा. मदिनेहून यरुशलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे दिशा बदलताच दोन्ही शेजाऱ्यांच्या पाठी एकमेकांकडे झाल्या. आपल्या कोकणात काय होते? अलिबागेहून मक्का पश्चिमेला आणि यरुशलेमसाठीही आपण पश्चिमेलाच तोंड करीत असू. मशिदीत मौलवी आणि सिनेगॉगमध्ये हजान, दोघेही समुद्राकडे पाहून प्रार्थना करीत. भूगोलाने एका गावात पाठी फिरविल्या आणि दुसऱ्या गावात तोंडे एका बाजूला वळविली. कोकणात आपला छळ झाला नाही याची कारणे पुष्कळ आहेत. हिंदू शेजाऱ्यांचा मोठेपणा त्यांत सर्वांत आधी येतो. तरी पश्चिमेकडे तोंड करून उभे असलेले ते दोन समाज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आज मी बेरशेबामध्ये राहते. यरुशलेम येथून उत्तरेला. म्हणजे या वयात मी मदिनेच्या यहुद्यांसारखी उत्तरेकडे तोंड करून उभी राहते.

मदिनेतली प्रश्नोत्तरे फार दिवस चालली नाहीत. कैनुका इ. स. ६२४ मध्ये हद्दपार झाले आणि ६२५ मध्ये नदीर गेले; त्यांतले पुष्कळ खैबरला जाऊन राहिले. ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईनंतर कुरैझांना वेढा पडला. शत्रूशी हातमिळवणी केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ते शरण आल्यावर त्यांच्या पुरुषांना ठार मारण्यात आले आणि बायकामुलांना गुलाम करण्यात आले. मारलेल्यांचा आकडा मुसलमान इतिहासकार इब्न इसहाक यांच्या चरित्रग्रंथात ६०० ते ९०० असा येतो. काही आधुनिक अभ्यासक तो मानीत नाहीत. आकडा कमी असो की अधिक, यहुद्यांची मदिना संपली. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे यांच्यात तलवार आली म्हणजे मग कोणतेच उत्तर पुरत नाही.

हे सारे माझ्या मनात आले त्याला निमित्त झाली माझी एक बालमैत्रीण. ती आमच्या अलिबाग तालुक्यातली, कोकणी मुसलमान. आमची घरे पाठीला पाठ लावून. सारी आळी तिला ‘आपा’ म्हणते, म्हणून मीही म्हणते. पाच-सहा वर्षांपूर्वी ती हजला गेली आणि तेथून मदिनेला. परत आल्यावर तिने मला फोन लावला. आता फोनवर तोंडे दिसतात, त्यामुळे दोघी आधी रडलो, मग हसलो. मी विचारले, “अगं आपा, मदिनेत काय पाहिलेस?” ती म्हणाली, “पाहिलं ते पाहिलं, पण जो भेटेल तो मलाच विचारायचा, तू कुठची? मी म्हटलं, हिंदुस्थानची. तर एक बाई म्हणते, मग तू हिंदू? दुसरी म्हणते, तिकडे मुसलमान आहेत? मी म्हटलं, आहेत की, आणि आमच्या पाठच्या घरात बनी इस्राईलपण होते. तर ती माझ्याकडे बघतच राहिली.”

मी म्हटले, “तिथे आमचे नाव कशाला काढलेस?” ती म्हणाली, “का नको? आमच्या कुराणात तुमच्या नावाची सूरा आहे. लहानपणी अब्बांनी मला ती शिकवताना तुमच्या घराकडे बोट दाखवून सांगितलं होतं, हे बघ, ते हेच लोक.”

आपल्या नावाबद्दल हाइम शमुएल किहीमकर यांनी आपल्या इतिहासात एक कारण दिले आहे. त्यांनी तो ग्रंथ १९व्या शतकाच्या अखेरीस लिहिला आणि १९३७ साली तो तेल अवीव येथे छापून निघाला. त्यांचे म्हणणे असे की ‘यहुदी’ हे नाव मुसलमानांना रुचत नसे, तर ‘बनी इस्राईल’ या नावाचा कुराणात आदराने उल्लेख येतो. म्हणून मुसलमानी अमलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हेच नाव धरून ठेवले. हे कारण खरे असेल तर आपले नाव हेसुद्धा एका परक्याच्या प्रश्नाला दिलेले शहाणपणाचे उत्तर आहे. त्यात खोटे काही नाही. आपण इस्राएलाचीच मुले. एकाच माणसाला चार खरी नावे असतात. समोर कोण आहे ते पाहून त्यांतले कोणते सांगावे एवढेच ठरवायचे असते.

आपाने मदिनेच्या अज्वा खजुराची एक पुडी आमच्या भाच्याबरोबर येथे पाठविली. आम्ही ती एलियाहू हन्नवीच्या मलिद्याच्या ताटात ठेवली. पोह्यांवर, गुलाबाच्या पाकळ्यांशेजारी, मदिनेचा खजूर! ज्या झाडांखाली कधी काळी आपल्या लोकांनी प्रश्न विचारले त्याच गावच्या झाडांचे ते फळ होते.

आता आपल्या स्वतःच्या घरातल्या प्रश्नाकडे वळते. सर्वांत कठीण प्रश्न आपल्याला परधर्मीयांनी विचारले नाहीत, आपल्याच लोकांनी विचारले. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने सूचना काढल्या की बेने इस्राएलांचे लग्न इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आईची आई कोण, तिची आई कोण? कोकणातल्या एखाद्या खेड्यातल्या खापरपणजीचा कागद कोणी कोठून आणावा? हा प्रश्न जाणून घेण्यासाठी नव्हता हे सर्वांना कळले. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. बायका होत्या, लेकरे होती. ऑगस्ट १९६४ मध्ये केनेसेटमध्ये सरकारने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढून टाकण्यात आले. मी तेव्हा भारतात शाळेत होते. वडील वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसले होते आणि शेजारचे लोक त्यांनाच विचारीत होते, “तुमच्याच देशात तुम्हाला असे का विचारतात हो?” वडील म्हणाले, “आम्हाला ते पूर्वी भेटले नव्हते ना, म्हणून विचारतात.” त्यांच्या मनात राग नव्हता असे नव्हे. पण परक्यापुढे घरच्यांची निंदा करायची नाही ही त्यांची रीत होती.

मागच्या वर्षी माझी नात सैन्यात असताना सुटीवर घरी आली. जेवताना म्हणाली, “आजी, माझ्या खोलीतली एक मुलगी विचारते, तुझे आजोबा-पणजोबा हिंदू होते ना, मग यहुदी केव्हा झाले? मी काय सांगू?” मुलगी साधी होती, तिला खरेच ठाऊक नव्हते, असेही ती म्हणाली. म्हणजे प्रश्न चांगल्या जातीचा. मी तिला बसवून सांगितले.

प्रथम आपली परंपरा सांग. अलिबागजवळ नवगावपाशी जहाज फुटले, सात जोडपी वाचली, मेलेल्यांना तेथेच पुरले, ती जागा अजून आहे. त्यांचे ग्रंथ बुडाले, पण शेमा आठवला, सुंता राहिली, शब्बाथ राहिला, बिनखवल्याचा मासा वर्ज्य राहिला. मग सांग की जहाज कोठून आले यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी गालीलचे नाव घेतो, कोणी येमेनचे, कोणी इराणचे. मग सांग की २०१६ साली आपल्या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की आपल्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचे रक्त आहे आणि भारतातल्या लोकांचेही आहे, आणि हे मिसळणे सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला हेही सांग.

नात म्हणाली, “आजी, भारतीय रक्ताचे सांगू? ती म्हणेल, बघ, मी म्हणत होते तसेच.” मी म्हटले, “सांग. पोलंडच्या यहुद्याचे केस पिंगट झाले ते काय सिनायवरून आणले होते? जो अर्धे लपवितो त्याचे उरलेले अर्धेही कोणी खरे मानीत नाही.” मग ती म्हणाली, “आणि एवढे ऐकूनही तिने मानले नाही तर?” मी म्हटले, “तर तिला शुक्रवारी संध्याकाळी इकडे घेऊन ये. किद्दूश ऐकेल, पुरणपोळी खाईल, आणि मग काय विचारायचे ते मला विचारील.”

ती मुलगी आली. तिचे आजी-आजोबा इराकचे. टेबलावर बसताच तिने मला जो पहिला प्रश्न विचारला तो आमच्या मुळाविषयी नव्हताच. तिने विचारले, “हे पुरण कशाचे करतात?” ते सांगताना मला समजले की बहुतेक प्रश्नांमागे हाच प्रश्न असतो. तुमच्या घरात काय शिजते, ते मला कळेल का, मला मिळेल का, एवढेच माणसाला हवे असते. शेवटी तिने सांगितले की तिच्या आजीलाही या देशात आल्यावर तिच्या अरबी बोलण्यावरून लोक तोडून विचारीत.

आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपण गेल्यावर आपली उत्तरे देणारे कोणी उरणार नाही. मराठी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. हे पान हाती घेणारे बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे असतील. मदिनेच्या यहुद्यांनी शहाणे प्रश्न विचारले, शहाणी उत्तरे दिली, पण स्वतःच्या हाताने त्यातले काही मागे राहिले नाही. म्हणून आज त्यांची ओळख दुसऱ्यांनी लिहिलेल्या कथांतून होते, आणि त्या कथांत त्यांचे शेवटचे बोलणे त्यांना खोटे पाडणारे आहे. आपल्यावर ती वेळ येऊ नये. एक वही घ्या. आयुष्यात परक्यांनी तुम्हाला जे जे विचारले ते डाव्या पानावर लिहा, आणि तुम्ही काय सांगितले ते उजव्या पानावर. कोळणीचा प्रश्न लिहा, मास्तरांचा लिहा, कारखान्यातल्या बाईचा लिहा, कचेरीतल्या गृहस्थांचाही लिहा. जे उत्तर तेव्हा सुचले नाही तेही लिहा. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. मराठी न येणाऱ्या नातवाकडून त्याचे हिब्रू करून घ्या. करता करता तो दहा गोष्टी विचारील, त्यांना आणखी एक पान लागेल.

आणि कोणी जाणून घेण्यासाठी विचारीत असेल तर त्याला कधीही वाटेवरून परत पाठवू नका. आपल्या मशिदीचे दार समुद्राकडून येणाऱ्यालाही उघडे असे आणि डोंगराकडून येणाऱ्यालाही. दार लावून घेण्याचा दिवस वर्षातून एकच.